बटनांची हजेरी

रोज सकाळी ऑफिसात आल्या की मॅडम चपला दाराशी काढायच्या, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवायच्या, कॉम्प्युटर सुरू करायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मग दहाही बोटं कीबोर्डवर टेकवून एकेक बटन दाबत जायच्या. कंट्रोल आणि एस. कंट्रोल आणि एफ. कंट्रोल आणि डी. प्रत्येक वेळी थोडं थांबायचं, एक डोळा किलकिला करून पडद्यावर काय झालं ते बघायचं, आणि पुन्हा मिटायचा. नवीन माणसाला वाटायचं की बाई पूजा करताहेत. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून मुकाट उभा राहिलो.

त्यांचं आटोपल्यावर त्या पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काऊन उभा आहेस बा? बस न. अगरबत्ती नाई लावत मी."

"मग हे काय चाललं होतं?"

"हजेरी घेऊन राहिली होती. सगळे आले का नाई, पाहिलं."

"सगळे कोण?"

"बटनं," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

माझा स्वभाव चौकस. आई त्याला भोचक म्हणते. त्या दिवसापासून या बाईंच्या डोक्यात काय चालतं याचा छडा लावायचा मी चंगच बांधला. तो पुरता लागला असं आजही म्हणवत नाही.

ही दोन हजार दहाच्या पुढेमागेची गोष्ट. गोंदियातलं आमचं ऑफिस एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर होतं. खाली खताचा वास, वर आम्ही, आणि मागून मालगाडी गेली की चहाचे ग्लास थरथरायचे. आम्ही राईस मिलवाल्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. धर्मकाट्यावर ट्रक चढला की त्याचं वजन घ्यायचं, पर्ची छापायची, धान किती आलं आणि तांदूळ किती निघाला ते सांगायचं. मालकांना सगळे सेठजी म्हणत. घरची मिल भावांच्या ताब्यात देऊन हा माणूस कॉम्प्युटरच्या नादी लागला होता. प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघंच, मॅडम आणि मी. सेठजी त्यांना 'मॅडम' म्हणायचे आणि अगदी मोकळ्या गळ्याने त्यांच्यावर ओरडायचे. हे ओरडणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅडमचे डोळे जात होते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्याही भेटेल त्याला आधीच सांगून टाकायच्या. कॉलेजात असताना रात्रीचं दिसेनासं झालं. मग बाजूचं. मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांना फक्त नाकासमोरचं दिसायचं, एखाद्या नळीतून बघावं तसं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबणारं नाही, डोळे जितकी वर्षं टिकतील तितकी. मिलमधून कोणी नवीन माणूस आला की त्या चपला कुठे काढायच्या हे सांगावं तशा सुरात सांगायच्या, "बाजूनं येऊ नका, मले बाजूचं दिसत नाई. समोरून या."

त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर, देवरीच्या गाडीवर. भला माणूस. त्यांचं म्हणणं, आता पुरे झालं, घरी आराम कर, माझ्या पगारात भागतं. मॅडम म्हणायच्या, "घरी बसून मी काय पाहू?" आणि स्वतःच हसायच्या. पण ते हसणं संपल्यावर एकदा त्यांनी मला सरळच सांगितलं, "डोरे जातीन त जाऊ दे, बाबू. काम नाई जावाले पायजे." त्यांना ते काम मनापासून आवडायचं. एखादी पर्ची काट्यावर बरोबर छापली गेली असा मिलमधून फोन आला, की त्या दिवशी त्या मला स्वतःच्या डब्यातली भाजी द्यायच्या, एरवी झाकण उघडू द्यायच्या नाहीत.

सेठजींनी त्यांना शब्द दिला होता. "जब तक काम चलेगा, कुर्सी आपकी." शब्द चांगलाच होता. पण काम चालतंय की नाही हे ठरवणार सेठजीच, हे मॅडमनाही कळत होतं.

त्यांचं एक वाक्य होतं: "पहिले काय होतं?" हे त्या कशालाही आणि कुणालाही विचारायच्या. जयस्तंभ चौकाकडे चालता चालता मोबाइलचं नवं दुकान दिसलं की पानवाल्याला विचारायच्या, इथं पहिले काय होतं? तो सांगायचा, झेरॉक्स. त्याच्या पहिले? शिंपी. त्याच्या पहिले? मग पानवाल्याला बापाला विचारून ठेवावं लागायचं. मी गोंदियात जन्मलेला, वाढलेला. पण मी रोज जिथे कचोरी खायचो तिथे एकेकाळी टांग्याचे घोडे बांधत, हे मला मॅडममुळे कळलं. एखाद्याचा फोन हातात आला की त्यातली गाण्याची रिंगटोन काढून कंपनीने दिलेली मूळची लावून द्यायच्या आणि वर सांगायच्याही नाहीत. सेठजी दोन दिवस आपला फोन वाजतोय हे न कळून दुसऱ्यांना हटकत होते.

एकदा एका मिलवाल्याची नवी सून प्रोग्राम शिकायला आली. डोक्यावर पदर, नजर खाली. मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "लग्नाच्या पहिले नाव काय होतं तुझं?" तिने सासरच्या माणसाकडे बघत हळूच सांगितलं. झालं, मॅडम तिला त्याच नावाने हाक मारू लागल्या. त्या मुलीला सगळा प्रोग्राम चार दिवसांत येऊ लागला होता, पण ती पुढे महिनाभर काहीतरी शंका काढून येत राहिली. तिच्या शंका मी ऐकल्या आहेत. त्यात शंका अशी काही नव्हती.

माझ्या मशीनला मात्र मॅडम हात लावत नसत. मी हौशी माणूस. रंग बदललेले, बटनांची कामं आपल्या सोयीने फिरवलेली, चार ठिकाणच्या जोडण्या आणून बसवलेल्या. त्या म्हणायच्या, "तुह्या घरी आंधरा आला त पायरीवरच पडन." त्यांची मशीन अगदी कोरी, जशी पहिल्या दिवशी आली तशी. मी एकदा छेडलं, म्हटलं, मॅडम, थोडी सोय करून घेतली तर काय बिघडतं? तेव्हा त्या चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मले उद्या कोनत्याही ऑफिसात नेऊन बसवलं, त बोटाइले घर सापडलं पायजे. तुह्या सोयीचं घर फक्त तुलेच सापडते."

त्यांच्या हजेरीचा अर्थ मला कळला तो लोडशेडिंगमध्ये. दुपारी लाइट जायची. यूपीएस चूं-चूं ओरडायला लागला की मी काम सेव्ह करून मशीन बंद करायचो आणि खाली बियाणेवाल्याकडे गप्पा हाणायला जायचो. मॅडम फक्त मॉनिटर बंद करायच्या. तेव्हाचे ते पेटीएवढे मॉनिटर सगळी बॅटरी पिऊन टाकायचे. ते बंद केले की बॅटरी कितीतरी जास्त टिकायची. आणि त्या काळ्या काचेसमोर बसून मॅडम टाइप करत राहायच्या. बोटांनी शब्द शोधायच्या, बोटांनी ओळ उचलायच्या, बोटांनी जागेवर ठेवायच्या. लाइट आली की पडद्यावर सगळं जिथल्या तिथे. सेठजी येणाऱ्या-जाणाऱ्याला हे कौतुकाने दाखवायचे. मी मात्र पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मला समजलं की या सराव करताहेत. पुढे येणारे दिवस त्या रोज दुपारी थोडे थोडे जगून बघत होत्या.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कायले? आता तुलेही तेवढंच दिसून राहिलं, जेवढं मले."

त्यांचं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पार शेवटी. तिथल्या लोकांना टेलवाले म्हणतात. नहराचं पाणी वरच्या गावांना आधी मिळतं, आणि टेलवाल्यांच्या धानाच्या बांध्यांपर्यंत पोचेस्तो बरेचदा ओलावाच तेवढा उरतो. रोपांचं रोवणं झालेलं असायचं, धान पाण्याला आलेलं असायचं, आणि पाणी नसायचं. अशा वेळी त्यांचे वडील पहाटे फावडं खांद्यावर टाकून निघायचे आणि लहान मॅडम त्यांच्या मागे. बाकीचे लोक वरच्या गावात जाऊन थेट भांडायचे. वडिलांची रीत वेगळी होती. ते आपल्या बांधीपासून निघायचे आणि नहराच्या काठाकाठाने उलटं वर चालत जायचे, कुठेही न चुकवता. जिथे कोणी माती टाकून पाणी आपल्याकडे वळवलं असेल ती जागा सापडली की तिथे बसायचे. मग आपल्या हिश्श्याचं पाणी सुटेल एवढीच माती काढायची, सगळी नाही, आणि ज्याने टाकली त्याच्या घरी जाऊन सांगून यायचं की मी काढली.

"सगळी काऊन नाई काढत, असं मी विचारली त मले म्हने, त्याचंही धान आहे न," मॅडम सांगायच्या. हा किस्सा मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकला आणि दरवेळी आता वडील वरच्या गावात मार खाणार असं वाटून कान टवकारले. ते कधीच मार खात नसत.

आता ती गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, धानाचा हंगाम ऐन भरात होता. मिलवाल्यांनी नवीनच मागणी काढली की पर्ची मराठीत पाहिजे, शेतकऱ्याला इंग्रजी पर्ची कळत नाही आणि तो काट्यावर वाद घालत बसतो. सेठजींनी इंटरनेटवरून कोणीतरी हौसेने लिहिलेलं एक फुकट प्लगिन शोधून आणलं. आम्ही ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहायचो त्याला ही जोडणी बसवली, की त्यात इंग्रजी अक्षरं दाबून थेट देवनागरी टाइप करता यायची. आपल्याकडच्याच कुणाचं काम असावं, कारण त्याने मोठ्या प्रेमाने देवनागरीसाठी कंट्रोल आणि डी निवडलं होतं. एकदा दाबलं की देवनागरी सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरू असलं की खाली उजव्या कोपऱ्यात बारीकसा 'अ' दिसायचा.

मॅडम त्या दिवशी डबा विसरल्या म्हणून दुपारी जेवायला घरी गेल्या असताना सेठजींनी ते सगळ्या मशीनवर बसवलं. त्या आल्या की सांगू, असं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात आमगावच्या मिलचा फोन आला, की संध्याकाळपर्यंत नवी पर्ची पाहिजे, काट्यावर ट्रक लागलेत. सेठजी फोनवर बोलत खाली गेले. मी एका मिलमध्ये प्रिंटर बसवायला गेलेलो. मॅडम आल्या, काम हाती घेतलं, आणि लाइट गेली. हजेरी सकाळीच होऊन गेलेली होती. त्यांनी नेहमीसारखा मॉनिटर बंद केला आणि बसल्या.

त्यांच्या हातात कंट्रोल-डी हे रोजचं बटन होतं. एडिटरमध्ये त्याचं मूळचं काम असं: शब्दावर उभं राहून दाबलं की तो शब्द पकडला जातो, पुन्हा दाबलं की तोच शब्द पुढे जिथे असेल तिथला. मग सगळे एकदम बदलता येतात. सेठजी माऊसवाले, मीही त्या बाबतीत आळशीच. डीला काही काम असतं हेच ऑफिसात दुसऱ्या कुणाच्या गावीही नव्हतं.

मी परतलो आणि लाइट आली ती एकाच वेळी. मॅडमनी मॉनिटर लावला. पडद्यावर एक ओळ इंग्रजी, पुढची देवनागरी, मग अर्धी अशी आणि अर्धी तशी. 'रिटर्न'च्या जागी 'रेतुर्न', 'एल्स'च्या जागी 'एल्से'. मला खदकन हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तोंड काचेला लागेल इतकं पुढे नेलं आणि ओळ न ओळ वाचत खाली आल्या.

"हे मी केलं?"

सेठजी जिना चढून आले, पडद्याकडे बघितलं, आणि सांगितलं की ते नवीन प्लगिन आहे, डी दाबलं की मराठी होते, चुकून दाबलं गेलं असेल.

"चुकून नाई दाबली, सेठजी. मी रोज दाबते."

सेठजी त्यांच्याकडे बघत राहिले. आमगावचा फोन पुन्हा वाजत होता. आता ओरडतील म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. सेठजी ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोई बात नहीं, दीदी. होता है. आप आज घर जाइए." आणि पुढचं काम माझ्याकडे सरकवलं.

त्यांनी दीदी म्हणायला नको होतं. मॅडमनी पर्स घेतली, चपला घातल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबल्या. मी मागोमाग गेलो होतो.

"आज सेठजी हळू बोलले," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ते ऐकलं नाही. स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. "मले वाटते मी बराबर दाबली. पन आता पक्कं नाई वाटून राहिलं, बाबू. डोरे जाऊन राहिले हे त माहीत होतं. बोटं बी चालली का?"

त्यांना तोवर मी घाबरलेलं बघितलं नव्हतं. "उद्या सेठजीच्या पहिले येजो," एवढं सांगून त्या भिंतीला हात लावत उतरल्या, उजेड असूनही.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा त्या दाराशी उभ्या होत्या. हजेरी घेतली नाही. मला आपल्या खुर्चीवर बसवलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसलो.

"कंट्रोल आणि डी दाब. काय झालं सांग."

"कोपऱ्यात 'अ' आला."

"मले तो कोपरा दिसत नाई. पुन्हा दाब."

"गेला."

"शब्द पकडला का त्यानं?"

"नाही पकडला."

"तुही बोटं चांगली आहेत न?"

"चांगली आहेत."

"मंग माहीही चांगली आहेत," त्या म्हणाल्या आणि हाताचे पंजे दोन-तीनदा उघडले-मिटले. तिथून त्यांचा चेहराच बदलला. भीती गेली आणि कुतूहल आलं. मी म्हटलं, प्लगिन काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्या म्हणाल्या, "अन् पर्ची? माह्या बापाले येते का इंग्रजी? राहू दे त्याले. पहिले डीचं पानी कोनं अन् कुठं अडवलं ते पाहू. चाल, टेलापासून वर जाऊ."

एडिटरमध्ये प्रत्येक जोडणीची आपली एक फाइल असते, कोणतं बटन कोणतं काम करणार ते सांगणारी. आम्ही सगळ्यात खालच्या जोडणीपासून निघालो आणि एकेक फाइल उघडत वर गेलो. मी वाचायचो, त्या तोंड काचेला लावून खात्री करायच्या. मधली एखादी मी बिनकामाची म्हणून सोडायला गेलो की म्हणायच्या, "चुकवू नको." देवनागरीवाल्या प्लगिनच्या फाइलमध्ये डी सापडलं. त्याने एचही घेतलं होतं आणि एमही, बहुतेक हिंदी आणि मराठीसाठी. आता सापडलं, मला वाटलं संपलं. पण त्या थांबल्या नाहीत, वर जात राहिल्या, पार एडिटरच्या स्वतःच्या मूळ फाइलपर्यंत. तिथे डीची ओळ होती. शब्द पकडणं, तेच काम, तसंच लिहिलेलं.

मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे पाहा. गेलं नाई कुठं. जसंच्या तसं आहे. मधात अडलं फक्त." मग बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "पन मले एक सांग. पहिला हक्क वरच्याचा न? मंग खालच्या प्लगिनचं काऊन चाललं?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही तोवर ठाऊक नव्हतं. आम्ही प्रयोग केला. एकच बटन दोन जोडण्यांत दोन वेगळ्या कामांना लावलं. दरवेळी जी फाइल नंतर वाचली जाते तिचं चाललं. वरच्याचं नाही, खालच्याचं.

"मंग सगळ्याच्या शेवटी कोन आहे?"

सगळ्यात शेवटी एक फाइल होती, वापरणाऱ्याची स्वतःची. उघडली. दोन कंस, आणि मधे काही नाही.

"हे कोनाचं?"

"तुमचंच. तुम्ही त्यात कधी काही लिहिलं नाही."

ज्या बाईने आयुष्यात एका बटनाची जागा हलवली नव्हती, तिने त्या रिकाम्या कंसात एक ओळ लिहिली: कंट्रोल-डीने त्याचं मूळचंच काम करावं. सेव्ह केलं. एका शब्दावर गेल्या, डोळे मिटले आणि डी दाबलं. एक डोळा किलकिला केला. शब्द पकडलेला होता.

आणि मग मॅडम हसायला लागल्या. इतक्या, की खालून बियाणेवाल्याने काय झालं म्हणून हाक मारली. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि वडिलांना लावला. म्हाताऱ्याचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, इथं टेलवाल्याचं चालते."

"कोनत्या गावाले?"

"गावाले नाई. कॉम्प्युटरात."

मग, "पानी आलं का?"

"आलं, बाबा."

"मंग ठेव. बैल सुटला आहे."

डीच्या पाठोपाठ एच आणि एमही त्यांनी तिथूनच सोडवून घेतले. पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. देवनागरीला आता बटनच उरलं नव्हतं. त्यांनी मूळच्या फाइलीत बसून असं एक बटन शोधलं की ज्यावर कुणाचंच काम लिहिलेलं नाही, आणि ते त्याला दिलं. मी विचारलंसुद्धा नाही. "त्याचंही धान आहे न," त्याच म्हणाल्या.

सेठजी आले तेव्हा मॅडमनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि आधी तीन ओळी उघडून दाखवल्या: मूळची, प्लगिनची आणि आपली. सेठजींनी तिन्ही वाचल्या, परत वाचल्या आणि स्वतः डी दाबून बघितलं. मग मॅडमनी मॉनिटर बंद केला आणि आमगावच्या पर्चीचं, आदल्या रात्री माझ्याकडून अर्धवट राहिलेलं काम त्या काळ्या काचेसमोर बसून केलं, मराठी शब्दांसकट. मॉनिटर लावला तेव्हा पर्ची तयार होती. एक मात्रा इकडची तिकडे नव्हती. सेठजी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, आणि एकदम त्यांचा गळा मोकळा सुटला.

"तो ये सब कल क्यों नहीं बताया, मॅडम? आमगांववाला कल से मेरी जान खा रहा है. और इस लड़के की मशीन पर कौन लिखेगा ये लाइन, मेरा बाप?"

मॅडम खाली मान घालून ऐकत होत्या. सेठजी फोन करायला गेल्यावर मला म्हणाल्या, "आज ओरडले." आणि दुपारी डब्याचं झाकण माझ्यासमोर उघडून ठेवलं. वांग्याची भाजी होती, तिखट.

पुढे मी नागपूरला नोकरी धरली. फोन व्हायचे. एकदा बोलता बोलता त्यांनी भाव सांगावा तसं सांगितलं, "गेले रे बाबू. सकारी उठली त खिडकी कोनत्या बाजूले आहे समजलं नाई." आणि तशाच पुढे बोलत राहिल्या. यजमानांनी देवरीची गाडी सोडून डेपोतलं काम मागून घेतलं होतं आणि रोज सकाळी स्कूटरवर त्यांना ऑफिसात सोडत होते. सेठजींनी शब्द पाळला होता. कोणाकडून तरी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम मिळाला होता. कानात बोलायचा. पण गंमत अशी, की त्या प्रोग्रामनेही आल्या आल्या मॅडमची बटनं घेतली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. पुन्हा वर चालत गेली. आता त्याच्याच डोऱ्यानं पाहा लागते, त्याले त द्याच लागन. काही त्याले दिली, काही माही ठेवली. साहेबासारखा बोलते मेला. धानाले डॅन म्हनते."

त्यानंतर गोंदियाला गेलो तेव्हा मुद्दाम सकाळीच ऑफिसात जाऊन बसलो. सेठजींना खूण करून गप्प राहायला सांगितलं. मॅडमच्या टेबलावरचा मॉनिटर सेठजींनी दुसऱ्या मशीनला लावला होता आणि त्या जागी मॅडमचा डबा ठेवलेला होता. त्या आल्या. चपला दाराशी काढल्या. पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली. कानाला हेडफोन लावला, कॉम्प्युटर सुरू केला, आणि डोळे मिटून घेतले. मग एकेक बटन. कंट्रोल आणि एस. कंट्रोल आणि एफ. कंट्रोल आणि डी. किलकिला डोळा आता करत नव्हत्या, कानाने ऐकत होत्या.

"सगळे आले?" मी विचारलं.

त्या दचकल्या नाहीत. "आले. तू बी आला. समोरून येत जाय न बा, किती खेपा सांगितलं." मग हात पुढे करून माझं मनगट धरलं आणि वजन घटलंय असं सांगितलं.

मी भोचकच. गप्प राहायला हवं होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, आता डोळे कशाला मिटता?"

मागून मालगाडी चालली होती, ती पूर्ण जाऊ दिली. बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली.

"उघडे ठेवले का ते अजून वाट पाहतेत, बाबू," त्या म्हणाल्या. "मिटले का मंग मले काम करू देतेत."